‘सबॉर्डिनेट’ : एका शब्दाचे दोन अर्थ

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने एका फौजदारी अपिलाच्या ओघात आपल्याच निबंधक कार्यालयाला एक सूचना केली. खटला जेथे प्रथम चालतो आणि साक्षीपुरावा जेथे नोंदला जातो, त्या न्यायालयाचा उल्लेख यापुढे ‘लोअर कोर्ट’ असा करू नये. तेथून मागविलेल्या कागदपत्रांनाही ‘लोअर कोर्ट रेकॉर्ड’ न म्हणता ‘ट्रायल कोर्ट रेकॉर्ड’ म्हणावे, असे त्या सूचनेचे स्वरूप होते. त्यापूर्वी २०२२ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश न्या. धनंजय चंद्रचूड यांनी जिल्हा न्यायव्यवस्थेला ‘सबॉर्डिनेट’ म्हणण्याची प्रथा सोडण्याचे जाहीर आवाहन केले होते. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भोजनास बसले असता जिल्हा न्यायाधीशांनी उभे राहावयाचे, ही काही ठिकाणची रीत त्यांनी या मनोवृत्तीचे उदाहरण म्हणून सांगितली होती.

वरकरणी ही शिष्टाचाराची बाब वाटते. परंतु ज्या शब्दाला हा आक्षेप आहे, तो खुद्द संविधानात आहे. संविधानाच्या सहाव्या भागातील सहाव्या प्रकरणाचे शीर्षकच ‘सबॉर्डिनेट कोर्ट्स’ असे असून, अनुच्छेद २३३ ते २३७ त्यात येतात. मराठीत आपण त्यांना ‘दुय्यम न्यायालये’ म्हणतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदले जातात, दुय्यम सेवेच्या परीक्षांना लाखो तरुण बसतात, आणि कोणत्याही कचेरीत साहेब आपल्या हाताखालच्या मंडळींना याच इंग्रजी शब्दाने ओळखतात. तेव्हा या शब्दाने नेमके काय सांगितले जाते, आणि ऐकणारा त्यातून काय घेतो, हे एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे. या दोहोंमधील अंतरातच आपल्या प्रशासनातील पुष्कळ दुखण्यांचे मूळ सापडते.

शब्दाचे मूळ

‘सबॉर्डिनेट’ हा शब्द लॅटिनमधून आला. ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘ऑर्डो’ म्हणजे ओळ अथवा क्रम. क्रमाने लावताना ज्याचे स्थान दुसऱ्याच्या खाली येते तो ‘सबॉर्डिनेट’, एवढाच त्याचा मूळ आशय. तथापि ‘ऑर्डो’पासून निघालेल्या ‘ऑर्डर’ या शब्दाला इंग्रजीत दोन अर्थ चिकटले. क्रम हा एक आणि आज्ञा हा दुसरा. त्यामुळे ‘सबॉर्डिनेट’ या शब्दातही दोन अर्थ शेजारी शेजारी नांदू लागले. क्रमात खालचा तोही सबॉर्डिनेट, आणि आज्ञेखालचा तोही सबॉर्डिनेट.

मराठीत क्रम आणि आज्ञा यांना स्वतंत्र शब्द असल्याने आपली सोय व्हावयास हवी होती. झाले उलटेच. क्रमाचा अर्थ घेऊन आपण फारसी वळणाचा ‘दुय्यम’ स्वीकारला. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘दुसरा’. पण ‘दुय्यम दर्जाचा माल’ आणि ‘दुय्यम दर्जाचा नागरिक’ या प्रयोगांनी तो शब्द इतका मळला की, त्यातून आता क्रमाऐवजी कमअस्सलपणाचाच वास येतो. आज्ञेचा अर्थ घेऊन ‘हाताखालचा’ आणि ‘ताबेदार’ हे शब्द रूढ झाले. एकात गुणवत्तेची उणीव आली, दुसऱ्यात माणसावरची मालकी आली. मूळ शब्दात या दोहोंपैकी काहीही नव्हते.

शेजारच्या काही शब्दांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. ‘इन्फीरियर’ हा शब्द सरळच ‘अधिक खालचा’ असे सांगतो; अमेरिकेच्या राज्यघटनेने सर्वोच्च न्यायालयाखालील न्यायालयांसाठी तोच शब्द वापरला आहे. ‘ज्युनियर’मध्ये वयाचा किंवा सेवाकालाचा हिशेब आहे, म्हणून त्याला ‘कनिष्ठ’ हा प्रतिशब्द शोभतो. ‘असिस्टंट’ साहाय्य करतो. ‘डेप्युटी’ दुसऱ्याच्या वतीने अधिकार वापरतो, आणि मराठीतील ‘उप’ हे उपपद बहुधा त्यासाठीच येते. ‘सबॉर्डिनेट’ या सर्वांहून वेगळा आहे. एका स्थानाचा दुसऱ्या स्थानाशी असलेला संबंध तो सांगतो. त्या स्थानावर बसलेल्या व्यक्तीचे वय, गुण किंवा कूळ यांविषयी तो काहीच बोलत नाही.

व्याकरण शिकविणाऱ्या शिक्षकांना हे सांगावयास नको. इंग्रजी व्याकरणातील ‘सबॉर्डिनेट क्लॉज’ला मराठीत गौण वाक्य म्हणतात. ‘तो म्हणाला की धरण फुटले’ या मिश्र वाक्यात ‘तो म्हणाला’ हे प्रधान वाक्य आणि ‘धरण फुटले’ हे गौण वाक्य. रचनेत गौण वाक्य प्रधान वाक्यावर अवलंबून असते हे खरे. परंतु गाव ज्या बातमीने जागे होईल ती गौण वाक्यात आहे. स्थान गौण असले म्हणून महत्त्व गौण ठरत नाही, हे शाळेतील मुलाला जितके लवकर कळते तितके ते कचेरीत कळत नाही.

साम्राज्याची उतरंड

हा गोंधळ आपोआप झालेला नाही. त्याला इतिहास आहे. १८८६ मध्ये सर चार्ल्स एचिसन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने पुढील वर्षी आपला अहवाल दिला. त्यातून इंपीरियल, प्रॉव्हिन्शियल आणि सबॉर्डिनेट अशा तीन पायऱ्यांची सेवारचना उभी राहिली. कागदावर ही कामाची विभागणी होती. व्यवहारात वरच्या पायरीची परीक्षा लंडनमध्ये होत असे आणि खालच्या दोन पायऱ्यांवरची भरती येथे होत असे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी आज्ञा देणारा गोरा आणि आज्ञा ऐकणारा देशी, अशी स्थिती राहिली. स्थानाचा क्रम आणि माणसाचा वंश एकमेकांत असे मिसळले की, ‘सबॉर्डिनेट’ म्हणजे मुळातच खालचा माणूस, ही समजूत दृढ झाली.

न्यायखात्यातही हाच शब्द पदनाम म्हणून होता. मुंबई इलाख्यातील १८६९ च्या दिवाणी न्यायालय अधिनियमाने प्रथम वर्ग आणि द्वितीय वर्ग ‘सबॉर्डिनेट जज्ज’ निर्माण केले. लोकांच्या तोंडी त्याचा ‘सबजज्ज’ झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात ज्या काळात सार्वजनिक सभेच्या कार्याला दिशा दिली, त्या काळात ते याच पदनामाचे धनी होते. ज्यांनी पुढे १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावरील आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले आणि १८९३ मध्ये जे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, त्यांच्या विद्वत्तेला त्या ‘सब’ने कोणता उणेपणा आला? उणेपणा आला तो त्यांच्या सुरक्षिततेला. सरकारचा संशय वाढताच १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या दिवसांत त्यांना धुळ्यास धाडण्यात आले. बदली हे हाताखालच्या माणसाला शिक्षा करण्याचे साधन आहे, हा धडा तेव्हाच गिरविला गेला होता. राज्य बदलले, तरी तो धडा विसरला गेला नाही.

संविधानाने घेतलेला अर्थ

असा इतिहास असलेला शब्द संविधानकारांनी का ठेवला? सवयीने ठेवला, हे उत्तर अर्धेच खरे आहे. अनुच्छेद २३५ ने जिल्हा न्यायालये व त्याखालील न्यायालये यांच्यावरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपविले आहे. जिल्हा न्यायाधीशाहून खालच्या पदांवरील न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या जागा, बढत्या आणि रजा यांचाही त्यात समावेश होतो. हे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे नसते तर ते कोणाकडे असते, हा खरा प्रश्न आहे. ते शासनाकडे असते. ब्रिटिश अमदानीत तालुक्याचा मामलेदार महसूल गोळा करी आणि दंडाधिकारी म्हणून खटलेही चालवी. त्याचा वरिष्ठ कलेक्टर होता. मुंबई राज्यात १९५१ च्या कायद्याने ही सांगड सोडविण्यात आली, आणि देशभर ते काम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून झाले.

याचा अर्थ असा की, खालच्या न्यायाधीशाला उच्च न्यायालयाच्या अधीन केले ते त्याला मंत्रालयापासून आणि कलेक्टर कचेरीपासून मोकळे करण्यासाठी. येथे अधीनता ही स्वातंत्र्याची तटबंदी आहे. शिवाय या अधीनतेलाही मर्यादा आहे. उच्च न्यायालय न्यायाधीशाची बदली करू शकते, त्याची चौकशी करू शकते, अपिलात त्याचा निकाल फिरवू शकते. पण समोरच्या खटल्यात काय निकाल द्यावा, हे निकालापूर्वी कोणीही त्याच्या कानात सांगू शकत नाही. पुराव्याची तोलणी आणि निर्णय हे काम त्याचेच. त्या क्षणी त्याला वरिष्ठ आहे तो कायदा.

उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांचा संबंध या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सर्वोच्च न्यायालय उच्च न्यायालयाचे निकाल फिरविते. पण अनुच्छेद २३५ सारखी प्रशासकीय नियंत्रणाची तरतूद तेथे नाही, आणि उच्च न्यायालयाला कोणी ‘सबॉर्डिनेट’ म्हणत नाही. म्हणजे अपील वर जाते एवढ्यावरून कोणी सबॉर्डिनेट ठरत नाही. अपिलाचा क्रम वेगळा आणि नियंत्रणाचा संबंध वेगळा. ‘लोअर कोर्ट’ या शब्दप्रयोगात हे दोन्ही एकत्र कालवले जातात, आणि त्यांत तिसराच, कमी प्रतीचा, अर्थ मिसळतो.

त्या तिसऱ्या अर्थाची किंमत काय असते, हे १९८९ च्या सप्टेंबरात गुजरातमधील नडियाद येथे दिसून आले. तेथील मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचे पोलिसांशी न्यायालयीन कामकाजावरून खटके उडत होते. पोलिसांनी त्यांना अटक केली, बळजबरीने दारू पाजली, हातकड्या घातल्या आणि दोराने बांधून रुग्णालयात नेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित पोलिसांना न्यायालयाच्या बेअदबीबद्दल दोषी ठरविले आणि न्यायिक अधिकाऱ्यांच्या अटकेबाबत मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. खालच्या न्यायालयाच्या बेअदबीची दखल घेण्याचा अधिकार आपणांस आहे, असेही त्या निकालात प्रतिपादन करण्यात आले. वरिष्ठ आणि दुय्यम यांचा खरा संबंध येथे उघड होतो. दुय्यमाने वरिष्ठाची शिस्त पाळावयाची, त्याचबरोबर वरिष्ठाने दुय्यमाचा मान स्वतःचा मान समजून राखावयाचा. ही दुसरी बाजू वगळली की, उरते ती केवळ ताबेदारी.

कारकुनाचे कवच

न्यायाधीशांची गोष्ट मोठ्यांची गोष्ट वाटेल. परंतु हाच शब्द सामान्य सरकारी नोकराच्या संरक्षणासाठीही संविधानात आला आहे, हे फारच थोड्यांच्या लक्षात असते. अनुच्छेद ३११ च्या पहिल्या खंडानुसार, नागरी सेवेतील कोणाही व्यक्तीला तिची नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्याहून ‘सबॉर्डिनेट’ असलेल्या प्राधिकाऱ्याने बडतर्फ करता येत नाही किंवा सेवेतून काढून टाकता येत नाही. दुसऱ्या खंडाने, काही ठराविक अपवाद वगळता, आरोप कळविणे आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक केले आहे. हे संरक्षण १९१९ च्या भारत सरकार कायद्यात आले, १९३५ च्या कायद्यात कायम राहिले आणि तेथून संविधानात उतरले.

या तरतुदीत कारकुनाच्या दृष्टीने केवढा आधार आहे! त्याच्यावर दररोज हुकूम गाजविणारा अधिकारी स्वतःही कोणाचा तरी ‘सबॉर्डिनेट’ आहे, आणि म्हणूनच त्या कारकुनाची भाकरी हिरावून घेण्याचा अधिकार त्याला नाही. उतरंडीतील प्रत्येक मडक्यावर वरचे मडके असते, एवढेच आपण पाहतो. वरच्या मडक्यालाही काठ असतो, हे पाहत नाही. कायद्याच्या बाबतीतही असेच आहे. संसद अथवा विधिमंडळ अधिनियम करते, त्याखाली शासन नियम करते, त्या नियमांना ‘सबॉर्डिनेट लेजिस्लेशन’ म्हणतात. नियम अधिनियमाच्या बाहेर जाऊ शकत नाही, आणि एखादे परिपत्रक नियमाच्या डोक्यावर बसू शकत नाही. क्रम लावलेला असतो तो वरच्याची सत्ता वाढविण्यासाठी जितका, तितकाच प्रत्येकाची सत्ता कोठे संपते हे सांगण्यासाठी.

अर्थव्यवहारातील दुय्यमत्व

वित्तव्यवहारात हा शब्द सर्वांत काटेकोरपणे वापरला जातो. ‘सबॉर्डिनेटेड डेट’ म्हणजे दुय्यम कर्ज. कंपनी अथवा बँक बुडाल्यास ज्या धनकोचे पैसे इतर धनकोंनंतर फेडावयाचे असतात, त्याचे कर्ज दुय्यम. यात त्या धनकोचा कसलाही कमीपणा नाही. रांगेत मागे उभे राहण्याचे त्याने मान्य केलेले असते, त्याची अट करारात लिहिलेली असते, आणि त्या जोखमीचा मोबदला म्हणून त्याला अधिक व्याज मिळते. दुय्यमत्व येथे स्वेच्छेचे आहे, लिखित आहे आणि त्याला किंमत आहे.

रांगेचा क्रम कायदाही ठरवितो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ ने कंपनीच्या विसर्जनानंतर पैसे कोणाला कोणत्या क्रमाने द्यावयाचे, हे सांगितले आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च. नंतर कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि आपले तारण सोडून देणारे तारणधारक धनको हे एकाच पायरीवर. त्यानंतर कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन. मग विनातारण वित्तीय धनको. त्यांच्याखाली सरकारी देणी आणि सरतेशेवटी भागधारक. यंत्रावरचा कामगार आणि कचेरीतला कर्मचारी यांच्यामध्ये येथे एक पायरीचे अंतर आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. कामगारांना ही जागा सहजासहजी मिळालेली नाही. १९५६ च्या कंपनी कायद्यात १९८५ साली दुरुस्ती होऊन ते तारणधारक धनकोंच्या बरोबरीला आले. रांगेतील जागा बदलता येते, पण ती कायद्याने आणि उघडपणे बदलावी लागते.

ती तशी बदलली नाही तर काय होते, याचेही उदाहरण ताजे आहे. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे विशिष्ट दुय्यम रोखे शून्यवत करण्यात आले. मार्च २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रेडिट स्विस बँकेचे याच जातीचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे रोखे रद्द झाले. दोन्ही ठिकाणी भागधारकांच्या पदरी काहीतरी उरले आणि रोखेधारकांच्या पदरी काहीच नाही. रांगेत शेवटचा मानला गेलेला भागधारक आणि त्याच्या पुढचा रोखेधारक यांच्या जागा जणू उलटल्या. रोख्यांच्या अटींत तसा अधिकार होता, असे एका बाजूचे म्हणणे. क्रम मोडला, असे दुसऱ्या बाजूचे. हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. सामान्य गुंतवणूकदाराला यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दुय्यम असण्याने माणूस बुडत नाही. आपण कोणत्या अटींवर दुय्यम आहोत, हे ठाऊक नसल्याने तो बुडतो.

अलिखित ताबेदारी

आता कचेरीकडे परत वळावे. ‘सबॉर्डिनेट’चाच सख्खा भाऊ म्हणजे ‘ऑर्डर्ली’. तोही ‘ऑर्डर’पासूनच निघाला. पोलीस खात्यात अधिकाऱ्याच्या दिमतीला शिपाई देण्याची प्रथा ब्रिटिशांनी पाडली. त्या शिपायाने साहेबाच्या घरचा बाजारहाट करावा, मुले शाळेत पोहोचवावीत, कपडे धुवावेत, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. तरीही ही प्रथा इतकी मुरली की, तमिळनाडूत ती मोडून काढण्यासाठी २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. २०१७ मध्ये रेल्वे मंडळाने अधिकाऱ्यांच्या स्वागतासाठी स्थानकांवर हजर राहण्याविषयीचे १९८१ चे परिपत्रक मागे घेतले आणि अधिकाऱ्यांच्या घरी राबणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांना मूळ कामावर पाठविण्यास सांगितले. रूळ तपासण्यासाठी नेमलेला माणूस साहेबाच्या बंगल्यावर बागकाम करीत असेल, तर त्याचा मान जातोच. पण त्या रुळांवरून जाणाऱ्या प्रवाशांची सुरक्षितताही जाते.

तोंडी हुकूम हा या ताबेदारीचा दुसरा, अधिक घातक अवतार आहे. फायलीवर सही कारकुनाची आणि अव्वल कारकुनाची असते. सही कर म्हणून सांगणाऱ्याचा आवाज मात्र फायलीत नसतो. चौकशी लागली की, सही सापडते आणि आवाज सापडत नाही. वस्तुतः १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांत वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, आणि तोंडी दिल्यास त्याला नंतर लेखी दुजोरा मिळावा, अशी तरतूद आहे. तरीही ८३ निवृत्त अधिकाऱ्यांना याच मागणीसह सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणात न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते नोंदवून घ्यावेत. सचिवपदी राहिलेल्यांची ही कथा असेल, तर तलाठी कचेरीतील माणसाने कोणाकडे पाहावे?

फौजदारी कायदाही ताबेदारीला निमित्त म्हणून स्वीकारीत नाही. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ७६, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेले भारतीय न्याय संहितेचे कलम १४, वरिष्ठाच्या आज्ञेने गोळी झाडणाऱ्या सैनिकाला संरक्षण देते. पण ती आज्ञा कायद्याला धरून असेल तरच. ‘साहेबांनी सांगितले म्हणून केले’ हे उत्तर सैन्यातही पुरेसे नाही. हाताखालच्या माणसाला स्वतःची विवेकबुद्धी आहे, हे कायदा गृहीत धरतो. कचेऱ्या मात्र ती नाही असे गृहीत धरून चालतात.

नाव बदलून काय होईल?

नाव बदलल्याने काहीच होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुंबई राज्यात ‘सबजज्ज’चा ‘दिवाणी न्यायाधीश’ झाला, सरकारी नोकरांच्या ‘वर्गां’चे ‘गट’ झाले. अपमानकारक शब्द काढून टाकणे ही सुधारणेची सुरुवात असू शकते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेचे स्वागत केले पाहिजे. परंतु चतुर्थ वर्गाचा ‘गट ड’ झाल्याने शिपायाला हाक मारण्याची तऱ्हा बदलली काय, याचे उत्तर प्रत्येक कचेरीने स्वतःला द्यावे. जुन्या शब्दाच्या जागी नवा शब्द बसविला आणि आतील संबंध तोच राहिला, तर काही वर्षांत नव्या शब्दालाही तोच वास येऊ लागतो. ‘दुय्यम’चे नेमके हेच झाले.

खरा इलाज संबंध लिखित आणि मर्यादित करण्याचा आहे. त्या दिशेने काही पावले पडलीही आहेत. २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळविला पाहिजे, असा निर्णय दिला. वरिष्ठाच्या लेखणीतील गुप्त धाक त्यामुळे पुष्कळ कमी झाला. महाराष्ट्राने बदल्यांच्या विनियमनाचा २००५ चा अधिनियम केला. सर्वसाधारणतः तीन वर्षांचा कार्यकाल, एप्रिल-मे महिन्यांत बदल्या, आणि मुदतपूर्व बदली करावयाची तर तिची कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन, ही त्याची चौकट. रानड्यांच्या वेळी असा कायदा असता, तर त्यांना धुळ्यास धाडणाऱ्याला निदान कारण लिहावे लागले असते. अर्थात कायद्यातील अपवादच नियम बनू लागला, तर कायदा कपाटात राहतो. तो कपाटातून बाहेर काढण्याचे काम कर्मचाऱ्यांच्या संघटनांचे आहे. वेतनवाढीसाठी त्या जितक्या आग्रही असतात, तितक्याच लेखी आदेशासाठी आग्रही राहिल्या, तर त्यांच्या सभासदांचे आणि जनतेचेही अधिक हित होईल.

क्रमाशिवाय कोणतीही संस्था चालत नाही. कोणीतरी निर्णय घ्यावयाचा, कोणीतरी तो अमलात आणावयाचा, चुकला तर कोणाकडे दाद मागावयाची हे ठरलेले असावयाचे. समतेच्या नावाखाली हे सारे पुसून टाकण्याची मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. मागणी एवढीच आहे की, हा क्रम पदांचा असावा आणि पदापुरता असावा. अकरा ते सहा या वेळेतील फायलीवर वरिष्ठाचा अधिकार चालावा. हाताखालच्या माणसाच्या स्वाभिमानावर, घरच्या वेळेवर आणि सदसद्विवेकावर तो चालू नये. आज दुय्यम सेवेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याने अनुच्छेद ३११ पाठ केलेला असतो. उद्या नोकरीत रुजू झाल्यावर पहिला तोंडी हुकूम कानावर पडेल, तेव्हा ‘साहेब, एवढे लिहून द्यावे’ असे नम्रपणे म्हणण्याचे धैर्य त्याला झाले, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याची बदली झाली नाही, तर ‘सबॉर्डिनेट’ या शब्दाचा संविधानातील अर्थ आपल्या कचेऱ्यांत पोहोचला, असे समजता येईल.